सहा पाय की आठ?

२०११ सालच्या ऑक्टोबर महिन्यातली गोष्ट. सिंधुदुर्ग जिल्ह्यात शिक्षकांचे तीन दिवसांचे शिबिर होते आणि कीटकांविषयी बोलायला मला बोलावले होते. पाऊस नुकताच ओसरला होता. गवतावर, झुडपांवर कीटकांची नुसती गर्दी होती. पहिल्या दिवशी सकाळी आंब्याच्या कलमांवर काढलेली छायाचित्रे मी दुपारी पडद्यावर दाखवत होतो. त्यांतले एक चित्र ओंबिलाचे होते. ओंबील म्हणजे झाडाची पाने एकमेकांना जोडून घरटे बांधणारी तांबूस मुंगी. पाने जोडायला या मुंग्या आपल्याच अळ्यांच्या तोंडातून निघणारा रेशमासारखा धागा वापरतात. त्यांच्या चाव्याची ओळख कोकणातल्या बागेत काम करणाऱ्या प्रत्येकाला असते.

हे सारे मी सांगत असताना, आईबरोबर शिबिराला आलेली नववीतली एक मुलगी उभी राहिली.

"सर, हिला पाय किती आहेत?"

"सहा. मुंगी हा कीटक आहे, आणि कीटकाला..."

"ते पुस्तकात आहे. या चित्रात मोजून दाखवा ना."

मी मोजू लागलो. मागच्या दोन जोड्या स्वच्छ दिसत होत्या. कंबर तर इतकी स्पष्ट, की तिच्यावरचे बारीक केससुद्धा मोजता आले असते. पण त्याच्या पुढे सारे धुके होते. त्या धुक्यातून काही काड्या बाहेर आल्या होत्या. त्यांतल्या मिशा कोणत्या आणि पाय कोणते, हे मला सांगता येईना. मुंगीच्या मिशा कोपरातून वाकवलेल्या हातासारख्या असतात. या तशा वाटत नव्हत्या. आणखी एक गोष्ट तेव्हा आठवली. ही मुंगी इतर ओंबिलांच्या रांगेत नव्हती. रांगेपासून वीतभर अंतरावर एकटीच फिरत होती.

"या चित्रावरून सांगता येत नाही," मी कबूल केले.

ते चित्र मला स्वतःला फार आवडलेले होते. रंग सुरेख, मागची हिरवाई मऊ, कंबरेचा बाक नेमका. तरी एका साध्या प्रश्नाचे उत्तर त्यात नव्हते. ते का नव्हते आणि पुढच्या दोन दिवसांत ते कसे मिळाले, हे सांगता सांगता कीटकांच्या जवळून घेतलेल्या छायाचित्रामागचे विज्ञान आपण पाहू या.

मोठे म्हणजे किती मोठे?

जवळून काढलेल्या छायाचित्रात एक संख्या महत्त्वाची असते, ती म्हणजे विशालन. कॅमेऱ्यातल्या संवेदकावर (पूर्वीच्या कॅमेऱ्यात फिल्मवर) पडलेल्या प्रतिमेची लांबी भागिले प्रत्यक्ष वस्तूची लांबी म्हणजे विशालन. आठ मिलिमीटरच्या मुंगीची संवेदकावर आठ मिलिमीटरची प्रतिमा पडली, तर विशालन १. नंतर ते चित्र पडद्यावर दोन मीटरचे झाले तरी त्याने हे विशालन बदलत नाही. जो तपशील टिपायचा तो त्या आठ मिलिमीटरच्या प्रतिमेतच टिपला जातो. तिथे जो नाही तो पडद्यावर येणार कुठून?

विशालन १ कधी मिळते? बहिर्वक्र भिंगासमोर वस्तू नाभीय अंतराच्या दुप्पट अंतरावर ठेवली, की पलीकडे तितक्याच अंतरावर तेवढीच मोठी प्रतिमा मिळते. ही किरणाकृती आपण वर्गात दरवर्षी फळ्यावर काढतो. १०० मिमी नाभीय अंतराचे साधे भिंग धरले, तर वस्तू भिंगापासून २०० मिमीवर आणि संवेदकही भिंगामागे २०० मिमीवर हवा. दूरचा डोंगर टिपताना हाच संवेदक भिंगामागे १०० मिमीवर असतो. म्हणजे जवळचे चित्र घ्यायचे तर भिंग संवेदकापासून दूर सरकवावे लागते. भिंग आणि कॅमेरा यांच्यामध्ये पोकळ नळ्या घालतात त्या एवढ्यासाठीच. त्या नळ्यांत काच नसते, नुसती हवा असते.

५० मिमीचे भिंग वापरले तर विशालन १ साठी कीटक भिंगापासून फक्त १०० मिमीवर येतो. तितक्या जवळ गेले की बहुतेक कीटक उडून जातात. म्हणून रानात काम करणारे लोक १०० मिमी किंवा त्याहून जास्त नाभीय अंतराचे भिंग पसंत करतात.

जवळ जाण्याची किंमत

भिंग पुढे सरकवले की एक अडचण येते. भिंगातून आलेला प्रकाश १०० मिमीऐवजी २०० मिमी प्रवास करून संवेदकावर पोचतो. अंतर दुप्पट झाले, म्हणजे तोच प्रकाश चौपट क्षेत्रावर पसरला. संवेदकाच्या प्रत्येक भागाला पूर्वीच्या चौथा हिस्साच प्रकाश मिळतो.

ती कमतरता कशी भरून काढायची? एक तर शटर जास्त वेळ उघडे ठेवायचे, नाहीतर भिंगाचे छिद्र मोठे करायचे. छिद्राचे माप एफ-अंकाने सांगतात. नाभीय अंतराला छिद्राच्या व्यासाने भागले की हा अंक मिळतो. त्यामुळे एफ-अंक जितका लहान तितके छिद्र मोठे. त्या सकाळी कलमाखाली दाट सावली होती आणि पान वाऱ्याने हलत होते. शटर जास्त वेळ उघडे ठेवणे शक्य नव्हते, म्हणून मी छिद्र एफ ५.६ पर्यंत मोठे केले. चूक तिथेच झाली होती.

एक पातळ थर

भिंग एकाच वेळी एकाच अंतरावरची वस्तू खरी स्पष्ट दाखवते. त्याच्या थोड्या पुढचा आणि थोड्या मागचा भाग किंचित पसरट दिसतो. हा पसरटपणा एका मर्यादेत असेपर्यंत डोळ्याला तो जाणवत नाही. ३६ × २४ मिमी आकाराच्या संवेदकासाठी ही मर्यादा साधारण ०.०३ मिमी धरतात. त्यावरून जवळच्या चित्रात स्पष्ट दिसणाऱ्या थराची जाडी काढता येते:

थराची जाडी = २ × एफ-अंक × ०.०३ × (१ + विशालन) ÷ विशालनाचा वर्ग

विशालन १ असताना एफ ५.६ ला हा थर सुमारे ०.७ मिमी जाडीचा असतो. एफ ८ ला सुमारे १ मिमी, एफ ११ ला १.३ मिमी, एफ १६ ला १.९ मिमी. विशालन २ केले तर एफ ११ लाही थर अर्धा मिलिमीटरच उरतो. सूत्रातल्या वर्गाकडे विद्यार्थ्यांचे लक्ष जरूर वेधावे. थोडे आणखी जवळ गेले की थर भराभर पातळ होतो, तो या वर्गामुळे.

आता माझ्या चित्राचा हिशेब करू. प्राणी साधारण आठ मिलिमीटर लांब होता आणि मी मागच्या बाजूने तिरका, सुमारे ४५ अंशांत कॅमेरा धरला होता. त्याचे शरीर भिंगाच्या दिशेने साडेपाच मिलिमीटरहून अधिक खोलवर पसरले होते. त्यातला जेमतेम पाऊण मिलिमीटरचा थर स्पष्ट होता, आणि तो नेमका कंबरेवर पडला होता. डोके आणि पुढचे पाय कॅमेऱ्यासमोर होते, पण थराच्या बाहेर होते.

मग छिद्र अगदी लहान का करू नये? एफ २२, एफ ३२? इथे निसर्गाचा दुसरा नियम आडवा येतो. लहान छिद्रातून जाताना प्रकाशाचे विवर्तन होते आणि बिंदूची प्रतिमा बिंदू न राहता छोटी चकती बनते. छिद्र लहान करू तशी चकती मोठी होते. त्यातच भिंग पुढे सरकवलेले असल्यामुळे विशालन १ ला एफ ११ प्रत्यक्षात एफ २२ सारखा वागतो. हिरव्या प्रकाशासाठी हिशेब केला तर त्या वेळी चकतीचा व्यास सुमारे ०.०३ मिमी येतो, म्हणजे आपण ठरवलेल्या मर्यादेइतकाच. एफ १६ ला तो ०.०४३ मिमी होतो. थर जाड होतो खरा, पण त्यातला कुठलाच भाग कुरकुरीत स्पष्ट राहत नाही. म्हणून विशालन १ च्या आसपास एफ ८ ते एफ ११ ही तडजोड बहुतेकांना सोयीची पडते.

एक उपाय मात्र अगदी फुकटचा आहे. थर पातळ असला तरी तो कुठे ठेवायचा हे आपल्या हातात असते. थर संवेदकाला समांतर असतो. मुंगीचे शरीर आणि पसरलेले पाय ज्या पातळीत आहेत त्या पातळीला संवेदक समांतर धरला, की आठ मिलिमीटर लांबीचा प्राणी दीड-दोन मिलिमीटरच्या खोलीत मावतो. पाय मोजायचे तर पानाच्या बरोबर वरून चित्र घ्यायला हवे होते. मी तिरके घेतले, कारण ते तसे छान दिसत होते.

हलणारे पान आणि झगमगणारी पाठ

दुसऱ्या दिवशी मी फ्लॅश घेऊन गेलो. रानात फ्लॅश लागतो तो केवळ अंधार असतो म्हणून नव्हे. समजा, वाऱ्याने पान सेकंदाला सहा मिलिमीटर वेगाने हलत आहे. हा वेग म्हणजे काहीच नाही. तरी सेकंदाच्या साठाव्या भागात ते ०.१ मिमी सरकते. विशालन १ असल्याने प्रतिमाही तितकीच सरकते, म्हणजे आपल्या मर्यादेच्या तिपटीहून अधिक. विशालन २ असेल तर याच्याही दुप्पट. डोंगराच्या चित्रात पान हलल्याचे कळतसुद्धा नाही. इथे सारे चित्र पुसले जाते.

छोटा फ्लॅश कमी शक्तीवर चालवला तर त्याचा लखलखाट सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाइतका अल्पकाळ असू शकतो. तेवढ्यात ते पान ०.०००६ मिमीच हलते. चित्राच्या दृष्टीने ते स्थिरच. शिवाय प्रकाश भरपूर मिळाल्याने छिद्र एफ ११ ठेवता येते. हलणे आणि प्रकाश या दोन्ही अडचणी एकदम सुटतात.

पण फ्लॅश नवीन अडचणी आणतो. बऱ्याच कीटकांची पाठ गुळगुळीत आणि चकचकीत असते. लहानशा दिव्याचे त्यावर पांढरेफटक प्रतिबिंब पडते आणि त्या डागाखालचा सारा तपशील नाहीसा होतो. उपाय सोपा आहे. दिवा कीटकाच्या नजरेने मोठा करायचा. पाच सेंटिमीटर रुंदीचा फ्लॅश अर्ध्या मीटरवरून कीटकाला जेमतेम सहा अंशांचा दिसतो. त्याच्यासमोर, कीटकापासून पंधरा सेंटिमीटरवर, पंधरा सेंटिमीटर रुंदीचा बटर पेपर धरला, तर प्रकाश देणारा पृष्ठभाग त्रेपन्न अंशांचा होतो. ढगाळ दिवशी सावल्या मऊ का पडतात, याचे उत्तरही हेच. धुतलेली पांढरी दुधाची पिशवीही बटर पेपरची जागा घेते.

दुसरी गोष्ट चित्र पाहणाऱ्याने लक्षात ठेवायची आहे. प्रकाश अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होतो. फ्लॅश कीटकापासून पंधरा सेंटिमीटरवर आणि मागची झुडपे दीड मीटरवर असतील, तर झुडपांना शंभरावा हिस्सा प्रकाश मिळतो. चित्रात ती काळी येतात. काळी पार्श्वभूमी पाहून "हा कीटक रात्री फिरतो" असा निष्कर्ष मुले सहज काढतात. तो चुकीचा असू शकतो. चित्र दुपारी बारालाही काढलेले असेल.

बाटलीतला पुरावा

एवढी तयारी करूनही दुसऱ्या दिवशी मला हवे ते चित्र मिळाले नाही. तोच प्राणी त्याच कलमावर सापडला, पण क्षणभरही एका जागी थांबेना. आणि मग मी एक सोपी वाट धरली. कीटक थंड केला की तो सुस्त होतो आणि त्याचे चित्र निवांत घेता येते, ही युक्ती मी ऐकून होतो. कीटक शीतरक्ताचे असतात, त्यामुळे यात तथ्य आहे. मी त्याला छोट्या बाटलीत पकडले आणि मुक्कामाच्या घरी फ्रिजमध्ये ठेवले. दुपारी व्याख्यानाच्या गडबडीत बाटलीचा विसर पडला. काढली तेव्हा तो मेलेला होता.

पाय मात्र मोजता आले. आठ.

ती मुंगी नव्हतीच. मुंगीचे रूप घेतलेला उड्या मारणाऱ्या गटातला कोळी होता. शास्त्रीय भाषेत त्याला आता मिर्माप्लाटा प्लाटालिओइडिस म्हणतात. पूर्वी तो मिर्मारॅक्ने या प्रजातीत धरत. दुपारी शिबिरात मी बाटली त्या मुलीच्या हातात दिली. तिने भिंगातून पाय मोजले, मान डोलावली आणि विचारले, "पण हा तर मुंगीसारखा दिसतच नाही. मग काल कसा दिसत होता?"

तिचे म्हणणे बरोबर होते. मेलेल्या कोळ्याचे पाय पोटाशी आखडतात. कोळी पायाचे काही सांधे स्नायूंनी ताठ करत नाही. शरीरातल्या द्रवाच्या दाबाने ते ताठ होतात. मेल्यावर दाब जातो आणि वाकवणारे स्नायू पाय आत ओढून धरतात. बाटलीतला देह पायांची संख्या सांगत होता. पण ज्या सोंगामुळे मी फसलो ते सोंग मेल्याबरोबर संपले होते. तो पुढचे पाय कसे धरतो, थांबतो कसा, मुंग्यांपासून किती अंतर राखतो, यांतले काहीही त्या बाटलीत नव्हते. एक जीव माझ्या घाईपायी गेला होता आणि निम्म्याच प्रश्नाचे उत्तर मिळाले होते. त्यानंतर चित्रासाठी मी कुठलाही प्राणी थंड केलेला नाही.

तिसरी सकाळ

तिसऱ्या दिवशी मी उजाडताच गेलो. पहाटेच्या गारव्यात कीटक आणि कोळी आपोआपच मंद असतात. त्यासाठी फ्रिजची गरज नसते. मी एका पानाजवळ बसून राहिलो. हालचाल अगदी सावकाश ठेवली, कारण अशा प्राण्यांचे डोळे स्थिर आकारापेक्षा हालचाल चटकन टिपतात. माझी सावली पानावर पडू दिली नाही. फांदीला धक्का लागू दिला नाही. विशालन आधीच १ वर पक्के केले आणि भिंगाचे कडे फिरवण्याऐवजी स्वतःच मिलिमीटर-मिलिमीटरने पुढे-मागे झालो. तासाभराने आणखी एक कोळी पानावर आला आणि थांबला. संवेदक पानाला समांतर, छिद्र एफ ११, फ्लॅशपुढे बटर पेपर.

त्या चित्रात सारे पाय आहेत. मागच्या तीन जोड्या पानावर टेकलेल्या आणि पहिली जोडी डोक्यासमोर उचललेली, थेट मिशांसारखी. समोरून घेतलेल्या दुसऱ्या चित्रात मोटारीच्या दिव्यांसारखे दोन मोठे डोळे दिसतात. मुंगीला असे डोळे नसतात. ती उड्या मारणाऱ्या कोळ्यांची खूण. बाजूने घेतलेल्या तिसऱ्या चित्रात शरीराला पडलेली खाच दिसते, ज्यामुळे कोळ्याच्या दोन भागांच्या शरीराचे मुंगीसारखे तीन भाग भासतात.

हे सोंग कशासाठी? ओंबील चावतात आणि फॉर्मिक आम्ल सोडतात. त्यामुळे बरेच भक्षक त्यांच्या वाटेला जात नाहीत. मुंगीसारखे दिसणाऱ्याला ते संरक्षण फुकट मिळते. निरुपद्रवी प्राण्याने उपद्रवी प्राण्याचे रूप घेणे, ही कल्पना हेन्री बेट्स यांनी १८६२ साली ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या फुलपाखरांवरून मांडली.

मात्र माझे हे चांगले चित्रही मला एका बाबतीत फसवून गेले. पुढची जोडी उचललेली पाहून "हे कोळी सहा पायांवर चालतात" असे मी पुढे काही वर्षे व्याख्यानांत सांगत असे. २०१७ साली पॉल शॅम्बल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच गटातल्या मिर्मारॅक्ने फॉर्मिकेरिया या दुसऱ्या जातीच्या चालीचा अभ्यास अतिवेगवान कॅमेऱ्यांनी केला. तो कोळी चालताना आठही पाय वापरतो, असे त्यांना आढळले. मध्येच तो अगदी क्षणभर थांबतो आणि तेवढ्यापुरती पुढची जोडी मिशांसारखी उचलतो. थांबे इतके छोटे असतात, की आपल्या डोळ्याला तो सतत मिशा हलवत चालल्यासारखा वाटतो. माझे चित्र थांबलेल्या कोळ्याचे होते. त्यावरून चालीविषयी बोलण्याचा मला अधिकार नव्हता.

चित्र आणि नमुना

कीटकाचे चित्र किती दूर नेऊ शकते याचे एक सुंदर उदाहरण मलेशियातले आहे. तिथले छायाचित्रकार ग्वेक हॉक पिंग यांनी रानात एका लेसविंगची, म्हणजे जाळीदार पंखांच्या नाजूक हिरव्या कीटकाची, चित्रे घेतली आणि इंटरनेटवर ठेवली. कीटक उडून गेला. पंखांच्या बुडाशी काळी जाळी आणि निळे ठिपके असलेले ते चित्र अमेरिकेत कॅलिफोर्नियातले कीटकशास्त्रज्ञ शॉन विंटर्टन यांच्या नजरेस पडले. त्यांना हा कीटक ओळखीचा वाटेना. पण नुसत्या चित्रावरून नवी जात जाहीर करायला ते तयार नव्हते. सुमारे वर्षभराने ग्वेक यांना तोच कीटक पुन्हा सापडला. नमुना लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये स्टीव्ह ब्रुक्स यांच्याकडे गेला, आणि २०१२ साली तिघांच्या नावाने सेमाक्रायसा जेड ही नवी जात प्रसिद्ध झाली.

२०१५ साली याच्या पुढचे पाऊल पडले. स्टीफन मार्शल आणि नील इव्हनहुइस यांनी दक्षिण आफ्रिकेतली मार्लेइमायिया झायलोकोपी ही माशीची नवी जात केवळ छायाचित्रांवरून प्रसिद्ध केली. संग्रहात ठेवायला नमुना नव्हताच. त्यावर शास्त्रज्ञांत बराच वाद झाला. चित्रात जे भाग दिसत नाहीत ते पुढे कुणाला तपासायचे झाले तर काय करायचे, हा विरोधकांचा प्रश्न होता. दुर्मिळ जीव मारलाच पाहिजे का, हा दुसऱ्या बाजूचा. माझ्या फ्रिजमधल्या बाटलीने आणि तिसऱ्या सकाळच्या चित्राने मला या दोन्ही प्रश्नांचे वजन दाखवलेले होते, त्यामुळे मला यात एकच बाजू घेता येत नाही.

वर्गात करून पाहा

यासाठी महागडा कॅमेरा लागत नाही. मोबाइल फोन आणि घड्याळजी वापरतात तसे दहापट भिंग पुरे. असे भिंग साधारण २५ मिमी नाभीय अंतराचे असते. ते फोनच्या भिंगाला अगदी चिकटवून धरा आणि पुढील तीन प्रयोग करा.

पहिला प्रयोग. आलेख कागदाचे चित्र घ्या. चित्रात आडवे किती मिलिमीटर मावतात ते मोजा. ही तुमच्या साधनाची मोजपट्टी झाली. फोन आणि भिंग न बदलता, फोनची 'झूम' न वापरता नंतर कीटकाचे स्पष्ट चित्र घेतले, तर त्याची लांबी या आलेखावरून काढता येते. कीटकाजवळ पट्टी नेऊन त्याला घाबरवायची गरज नाही.

दुसरा प्रयोग. मिलिमीटरची पट्टी कॅमेऱ्यासमोर ४५ अंशांत तिरकी ठेवा आणि तिच्या मधल्या एका आकड्यावर चित्र स्पष्ट करा. किती मिलिमीटरच्या रेघा स्पष्ट दिसतात ते मोजून त्याला ०.७ ने गुणा. ही स्पष्ट थराची जाडी. आता पट्टी संवेदकाला समांतर, म्हणजे फोनच्या पाठीला समांतर धरा. सगळ्या रेघा स्पष्ट होतात; भिंग साधे असल्याने कडेला थोडा धूसरपणा राहील तेवढाच. माझी पहिल्या दिवशीची चूक मुलांना या एका प्रयोगात समजेल.

तिसरा प्रयोग. स्टीलच्या चमच्याची पाठ विजेरीच्या उजेडात टिपा. मग विजेरी आणि चमचा यांच्यामध्ये, चमच्याच्या जवळ, बटर पेपर धरून पुन्हा टिपा. दोन चित्रे शेजारी ठेवून डागाचा आकार आणि चमच्यावरचे ओरखडे पाहा.

यानंतर मुलांना शाळेच्या आवारात न्या. प्रत्येक प्राण्याची किमान तीन चित्रे घ्यायला सांगा: वरून, बाजूने आणि समोरून. तो ज्या झाडावर होता त्या झाडाच्या पानाचे चौथे चित्र. वहीत तारीख, वेळ, जागा आणि तो प्राणी काय करत होता याची नोंद. जिथे असेल तिथेच टिपायचा. सोयीसाठी दुसऱ्या फुलावर नेऊन ठेवायचा नाही, कारण मग त्या फुलाविषयीची नोंद खोटी ठरते. अशा नोंदी असलेली चित्रे इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलसारख्या ठिकाणी देता येतात. तिथे जाणकार ओळख पटवायला मदत करतात, आणि एका शाळेची चित्रे सगळ्यांच्या उपयोगी पडतात.

आणि एक पथ्य. चित्र घेण्यापूर्वी प्रत्येक मुलाला त्याचा प्रश्न वहीत लिहायला लावा. पाय किती? तोंड कसले? पंखांच्या किती जोड्या? मग त्या प्रश्नासाठी कॅमेरा कुठून धरायचा हे त्यालाच ठरवू द्या. चित्र आले, की शेजारच्याने त्यावरून उत्तर शोधायचे. नाही सापडले तर पुन्हा बागेत जायचे.

शिबिर संपताना मी तिसऱ्या सकाळचे चित्र त्या मुलीला दाखवले. तिने पडद्याजवळ जाऊन बोटाने एकेक पाय मोजला. आठ झाल्यावर ती थांबली नाही. शेजारी मी खऱ्या ओंबिलाचे चित्र लावले होते, तिकडे वळून तिने तिचेही मोजायला सुरुवात केली.